पाण्याच्या डबीची सभा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची आठवण आली की मला किळस येते. आणि हे लिहिण्याइतकं शिकवलंत ते तुम्हीच.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी मुरुडच्या शाळेत नववीत होते, आमच्या वस्तीतून तिथवर पोचलेली पहिली मुलगी. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही मिठाच्या पाण्यात पेन्सिलीची दोन शिसं बुडवून त्यांना बॅटरीच्या तारा जोडल्या आहेत. हायड्रोजनचे बुडबुडे उपड्या नळीत चढतात, तिच्या तोंडाशी पेटती काडी धरताच ‘फट्’ होतं, आणि मी ओरडते, “सर, मग पाण्यावर मोटार चालंल की!” वर्ग हसला. तुम्ही डाफरलात, “बॅटरी कोण भरणार, तुझा बाप? पाणी फोडायला जेवढी ताकद घालशील त्याहून कमीच परत येती. फुकट काही नसतं, लिहून घे.” मी लिहून घेतलं. त्याच बळावर पुढं विज्ञानाची शिक्षिका झाले.

मग तो दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. आमचे हे मुरुड-लातूर जीप चालवायचे. गाडीवाल्यांची एका हॉलमध्ये सभा भरली, यांच्यासोबत मीही गेले. इंजिनाला पाण्याची डबी बसवा, तिच्यातला हायड्रोजन डिझेलबरोबर जळतो, गाडीचं ॲव्हरेज लई वाढतं, असं विकणारा सांगत होता. त्याच्या शेजारी तुम्ही, निवृत्त, गळ्यात हार घातलेले. बाहेर बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघतायत आणि तुम्ही त्या डबीत स्वच्छ पाणी ओतताय. “शास्त्र आहे हे,” म्हणालात. मग मला हेरलंत. “माझी विद्यार्थिनी बसलीय तिथं, आता शिक्षिका हाय. विचारा तिला.” अख्खा हॉल माझ्याकडं वळला. मी मान डोलावली. यांनी त्याच दुपारी डबी बसवून घेतली.

डिझेल तेवढंच लागत राहिलं, वर बॅटरी सारखी उतरायला लागली. एके दिवशी डबी फुटून आतलं कॉस्टिक सोडा मिसळलेलं पाणी उडालं आणि यांच्या मनगटाची कातडी सोलून निघाली. “सर बोलले म्हणून बसवली,” हे म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून. सभेत यांनी बघितलं होतं ते माझ्याकडं.

मी तुमच्या घरी आले. तुम्ही पोहे खात होता. “सर, हे खोटं हाय ना?”

चमचा न थांबवता म्हणालात, “तुला कळतं, मला बी कळतं. लोकांना ॲव्हरेज पाहिजे, शास्त्र न्हाई. चहा घेतीस?”

आणि मी घेतला. तुमच्यासमोर बसून, बशीत ओतून, सगळा. तुमच्यापेक्षा त्या बशीची जास्त शिसारी येते.

हा कागद कुणाला दाखवणार नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा, वह्या तपासायच्यात, असं सांगून मी मातीला आले नाही. वह्या नव्हत्या, सर. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी दार लावून रडत बसले होते.