टोपलीभर माती

बाबा, तुम्ही दिलेला माड आजारी पडलाय. बुंध्यातून तांबूस चिकट पाणी गळतंय, झावळ्या खाली लोंबल्यात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा इन्सुलीहून मालवणला आलात, ते टेम्पोत बसून, हातात माडाचं रोप आणि मांडीवर आपल्या परसातल्या मातीची टोपली. सासरी काय माती नव्हती? मी लाजेनं अर्धी झाले होते. तुम्ही मात्र खड्ड्यात मीठ टाकलंत, वर ती माती ओतलीत आणि म्हणालात, "माड नव्या जाग्यार बुजता गो. तेका घरची माती होयी." बुजलेली मीच होते, हे तुम्हाला बरोबर कळलं होतं. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी मी त्या रोपापाशी जाऊन उभी राहायचे आणि मला बरं वाटायचं.

आता मी प्रयोगशाळेत मातीच तपासते. चिमूटभर मातीतून डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्याच्या भरमसाट प्रती करायच्या. रोगाची बुरशी असेल तर जेलच्या पातळ थरावर उजळ पट्टी दिसते; वरून झाड हिरवंगार असलं तरी दिसते. या माडाखालच्या मातीचीही पट्टी उमटली. घरी आले की सासूबाई दारातच विचारतात, "बापाशीन दिलेलो माड सुकता कित्याक गो?" बघते, म्हणते आणि आत जाते.

ही बुरशी मातीबरोबर प्रवास करते, बाबा. म्हणून माहेरी गेले तेव्हा परसातल्या त्याच जागची माती पिशवीतून आणली. दादाला म्हटलं, सहज नेतेय. तिथले माड अजून हिरवे आहेत. तिथेही पट्टी आली तर हे तुमच्या टोपलीतूनच आलं असणार. पण दादाला आत्ताच कळलं तर चर खणून बाकीचे माड वाचवता येतील. सगळं कळतं मला, तरी तपासायचं पुढे ढकलते.

त्या मातीच्या डीएनएची नळी फ्रीजरमध्ये आहे. आज मशीनला लावूया म्हणून रोज बाहेर काढते, मुठीत धरून बसते, परत ठेवते. कुणापाशी बोलले नाही, तुम्हाला सांगते. असा पुन्हा पुन्हा वितळला की डीएनए तुटत जातो आणि मग असलेली बुरशीही दिसत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. आजही मी ती मुठीत धरून बसले होते.