तेलातलं पाणी

बाई, त्या वर्षी आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरीपेक्षा काळ्या तेलाचा वास जास्त असायचा. बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता. माघात विहिरीला पाणी होतं, पण अगदी तळाशी, आणि विहीर ओढ्यापलीकडे. तिच्यावरचं डिझेल इंजिन चाललं तर पाइपातून पाणी हौदात यायचं, नाहीतर नाही. मिरजगावच्या रस्त्यावरच्या पंपावर डिझेल संपल्याची पाटी लागलेली असायची आणि तिच्याखाली ट्रकवाले झोपलेले असायचे. मी नुकतीच बी.ए. होऊन मराठी शिकवायला आले होते आणि तुमच्या हाताखाली मुलींचं वसतिगृह सांभाळत होते. तुम्ही विज्ञान शिकवायचात. एके सकाळी तुम्ही बैलगाडीतून गॅरेजवाल्याचं पिंप घेऊन आलात. ट्रकच्या इंजिनांतून काढून टाकलेलं तेल. ‘हे जळतं,’ तुम्ही म्हणालात. ‘फक्त त्यातलं पाणी काढायचं.’

पाणी त्यात होतंच, कारण गॅरेजवाला रेडिएटरचं पाणीही त्याच पिंपात ओतायचा. तुम्ही पिंप विटांवर चढवलंत आणि काही दिवस कुणाला हात लावू दिला नाही. पाणी खाली बसलं. तळाची तोटी सोडली की आधी ते यायचं, गढूळ, वर निळसर तवंग. शेळ्या त्यालाही तोंड लावायला धावायच्या, म्हणून तुम्ही खड्डा खणून ते पुरायला लावलंत. तोटीतून निव्वळ तेल येऊ लागलं की ते मोठ्या पातेल्यात, परसातल्या चुलीवर. तेलात मुरलेलं पाणी नुसतं ठेवून निघत नाही, तापवावंच लागतं, आणि आच वाढवली तर सगळं फेसाळून चुलीत उतू जातं. स्वयंपाकाच्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. ‘समदा मुलूख पानी हुडकतोय, आन आमच्या बाई पानी जाळत्यात.’ तुम्ही हसला नाहीत. ‘मावशी, पाणी जळत नाही. उडून जातं.’ ‘तेच म्हनते मी. हाय ते बी उडवून लावा.’

शेवटी पळीची परीक्षा. लोखंडी पळी निखाऱ्यांवर तापवायची आणि तिच्यात तेलाचे थेंब टाकायचे. पाणी उरलं असेल तर तडतडतं. अगदी थोडं उरलं असेल तर इतकं बारीक की तुम्हाला-मला शंकाच यावी. त्यासाठी तुम्ही अकरावीतल्या एका मुलीला बोलवायचात. तिचे कान तिखट होते. ती डोळे मिटून पळीशी वाकायची. ‘न्हाई वाजत,’ म्हणाली की तेल गाळायचं, रॉकेल मिसळायचं आणि कोमट आहे तोवर इंजिनच्या टाकीत ओतायचं.

पहिल्या खेपेला आपण एवढं थांबलो नव्हतो. ओलं तेल टाकीत गेलं, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. नगरहून मिस्त्री येईपर्यंत मुलींनी ओढ्यापलीकडून डोक्यावर हंडे वाहिले. एक जण चक्कर येऊन चढावर पडली. चार मुलींना घरचे येऊन घेऊन गेले. त्या परत आल्या नाहीत. मिस्त्री जाताना म्हणाला, ‘पुन्यांदा असं केलं तर मला बोलवू नका. भंगारवाल्याला बोलवा.’ त्यानंतर तुम्ही तेलाच्या बाबतीत कोणाचं ऐकेनाशा झालात.

आणि मग तो दिवस. हौद कोरडा आहे. मुलींना प्यायला तांब्याने मोजून पाणी दिलंय. पातेलं सकाळपासून चुलीवर आहे. फाटकातून त्या तिखट कानांच्या मुलीचे वडील येतात, मुंडासं सोडून त्यानेच तोंड पुसतात.

‘रामराम, बाई. पोरीला न्यायला आलोय.’

‘मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली आहे,’ तुम्ही म्हणता.

‘ठावं हाय. पर पानी न्हाई तितं पोर कशी ठिवू? आन सोयरीक बी चालून आलीया. यंदा समद्यांची लग्नं पाच मान्सांत उरकत्यात. फुडल्या साली कोन इचारतंय?’

‘संध्याकाळपर्यंत पाणी येईल.’

ते विचार करतात. माणूस वाईट नाही. ‘तीनच्या यष्टीच्या आदी दाखवा. हौदात धार पडल्याली दिसली तरी बास. मी येकला जातो माघारी.’

मुलगी दारात उभी आहे. तिने सगळं ऐकलंय. मी तुम्हाला बाजूला घेते. म्हणते, आता बरंच पाणी उडालंय, घालू या, धार दिसण्यापुरतं चाललं तरी पुरे.

‘आणि मग बंद पडलं तर?’

‘मग बघू.’

‘मग बघू म्हणजे? बाकीच्या मुलींनी काय करायचं? तू मराठी शिकव. इंजिनला मराठी कळत नाही.’

मावशी चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढतात, पुन्हा पुढे सारतात. तीन वाजत येतात.

मग तुम्ही पळी तापवलीत. थेंब टाकलेत. आणि रोजच्यासारखं तिलाच बोलावलंत. ‘ये. ऐक.’ बाई, तेवढ्यापुरतं तुम्ही वाकला असतात तरी चाललं असतं. मावशींना सांगितलं असतंत तरी चाललं असतं. ती आली, डोळे मिटले, वाकली. तिचे वडील मुंडासं हातात धरून उभे होते. हे काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण तेही हलले नाहीत. ती रोजच्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

‘वाजतंय, बाई,’ ती म्हणाली. ‘बारीक हाय. पर वाजतंय.’

तुम्ही पळी झटकलीत आणि परत निखाऱ्यांवर ठेवलीत.

ती पेटी घेऊन आली तेव्हा तुम्ही तिला तुमचं शाईचं पेन दिलंत. ‘पेपर द्यायला ये. तुझा नंबर राहणार आहे.’ वडील म्हणाले, ‘बगू.’ ती तुमच्या पाया पडली, मावशींच्या पडली, माझ्याही पडली. मी तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी होते.

यष्टी गेल्यावर तासाभरात तडतड थांबली. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. हौदात धार पडली तेव्हा मुली ओरडल्या नाहीत, मुकाट्याने हंडे घेऊन आल्या. तुम्ही धारेखाली हात धरून उभ्या होतात, हात स्वच्छ झाल्यावरही. मी तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. चेहरा रोजचाच होता. परीक्षेला ती आली नाही. पहिल्या पेपराला तिच्या नंबराच्या रिकाम्या बाकापाशी तुम्ही जाऊन आलात, ते मी पाहिलं. त्यावर आपण कधी बोललो नाही. तुम्ही गेलात तोपर्यंत नाही.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती मला मिरजगावच्या बाजारात भेटली. मी ओळखलं नाही, तिनेच हाक मारली. पुढ्यात लिंबांचा ढीग होता, मागे तिची मोठी मुलगी पोतं शिवत बसली होती. तिने मला पोत्यावर बसवलं, चहा मागवला, तुमची चौकशी केली. तुम्ही आता हयात नाहीत असं मी सांगितल्यावर थोडा वेळ लिंबं इकडची तिकडे करत राहिली. मग म्हणाली, ‘बाई, येक इचारू? त्या दिशी इंजन चालू झालं का वो?’

‘झालं,’ मी म्हणाले.

‘मंग बरं झालं. मला लई दिस वाटायचं, गप बसले असते तर?’ ती हसली. ‘पर वाजत हुतं, बाई. खरंच वाजत हुतं.’

किती वेळाने चालू झालं, ते तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तुम्ही बरोबर होतात. ते तेल घातलं असतं तर इंजिन पुन्हा बसलं असतं आणि फाटकाशी सगळ्याच मुलींचे वडील उभे राहिले असते. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की आता त्याला काही अर्थ उरलेला नाही. कदाचित धारही पडली असती. आवाज इतका बारीक होता. ते तुम्हालाही कधी कळलं नसणार, आणि न कळताच तुम्ही पुढची सगळी वर्षं त्याच परसात काढलीत. त्याबद्दल तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं, असं वाटतं, आणि लगेच वाटतं, विचारून तुम्ही काय सांगणार होतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लोक कधी कधी दुष्काळाचं विचारतात. मी सांगते, आमच्या बाईंनी जुन्या तेलातलं पाणी काढून इंजिन चालवलं, त्या दिवसानंतर पाण्यापायी एकही मुलगी घरी गेली नाही. खरं तर, बाई, त्यांना सांगताना ‘त्या दिवसानंतर’ एवढं मी गाळते.