पार्टिशनमधला उंदीर

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (प्लायवूडच्या पार्टिशनआडून घातला आहे, अर्धा तरी पोहोचावा.) गुडघा कसा आहे, हे विचारत नाही, उठताना तू "आई गं" म्हणतोस ते इकडे ऐकू येतं.

खिडकी कुणाच्या वाट्याला, यावरून आपण बोलणं टाकलं त्याला सव्वा वर्ष झालं, आणि आज पत्र लिहायचं कारण उंदीर. पार्टिशनमध्ये रोज संध्याकाळी पाचला खुडखुड होते. माझी लेक मोठ्याने धडा वाचायला बसली की सुरू, पुस्तक मिटलं की बंद. उंदराला वाचनाची गोडी कशी लागली, ते काही उलगडेना. पिंजरा लावला, त्यात माझीच करंगळी सापडली. शेवटी काल पाचला, लेक वाचायला बसताना, मेहुण्याला बोलावलं (तो गोदामात पेट्या न उघडता आतला माल तपासतो). म्हटलं, एक्स-रे काढायचा तर पलीकडे प्लेट धरायला हवी, आणि पलीकडे दादा, म्हणजे संपलंच! तर म्हणाला, ह्या यंत्राला पलीकडची गरजच नाही, आत आपटून माघारी येणाऱ्या किरणांवरच चित्र उमटतं. एकाच बाजूने सगळं कळतं म्हणे. (आपल्या भांडणात मीही तेच समजत होतो.)

पलीकडे कुणी नाही ना, असं त्याने तीनदा विचारलं. दादा ह्या वेळी फिरायला जातो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. चित्र आलं ते नेहमीच्या एक्स-रेच्या सगळं उलटंच: खिळे काळे, आणि मधोमध पांढराफटक गोळा. मी ओरडलो, घूस! मेहुण्याने झटकन यंत्र बंद केलं आणि माझ्यावरच उखडला. लोखंड काळं दिसतं, जिवंत असतं ते पांढरं, हे मला तेव्हा कळलं. पण घुशीला कान एवढा मोठा, आणि कानावर चष्म्याची काडी? किरण क्षणभरच पडले, काळजी नको, असं मेहुणा म्हणतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : लेकीला विचारलं. उंदीर कोण, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. काकांचा डावा कान अधू, म्हणून ती प्रत्येक ओळ दोनदा वाचते. (मला वाटायचं, अभ्यासात कच्ची आहे.)

आणखी एक : उजवा कान लावायला तुझं कपाट आडवं येत असणार. उद्या ती नवं पुस्तक काढणार आहे. पिंजरा काढलाय, दार उघडं ठेवतो. खुर्ची खिडकीपाशी मांडली आहे.