कॉम्प्युटरचा दसरा

ढोकीजवळच्या मळ्यातून,
शनिवार, घट बसायच्या आदल्या आदल्या दिवशी

तीर्थस्वरूप दाजी,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. डावा गुडघा सुजलाय असं अक्कानं कळवलं होतं, म्हणून सगळा भार उजव्यावर टाकतो. तब्येत कशी आहे? अक्का तुमच्याशी बोलतेय का, की अजून त्या लोणच्याच्या बरणीवरून धुसफूस चालूच आहे? आम्ही इकडं ठीक. हिचा खोकला निम्म्यावर आला, आमचा पोरगा रणधीर कारखान्यावर ड्यूटीला जातो-येतो, शेळ्या वेळेवर खातात आणि वेळ नसतानाही खातात.

पत्र बसून वाचा. संपेपर्यंत जागचे उठू नका, आणि उठलातच तर देवघराकडं जा, समोरच्या खोलीतल्या टेबलाकडं जाऊ नका. का ते शेवटी येईल. जावयाला काम सांगायची आपल्या घराची रीत न्हाय. लग्नात तुम्ही स्वतःच्या हातानं तांब्या उचललात तेव्हा आमचे वडील दोन दिवस जेवले नव्हते. (तुम्ही तहानेलेले होता, हे त्यांना कोणी पटवू शकलं न्हाय.) तेव्हा एक बारकं काम आहे, पण ते मी तुमच्या अंगावर एकदम फेकणार न्हाय. रीतीनं, वळसा घेऊन येतो.

फोन का केला न्हाय म्हणाल, तर तुमचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि तुम्ही तो उमरग्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून घेता. मागं तुम्ही माझ्या मूळव्याधीची चौकशी केलीत, तर उत्तर अर्ध्या हायवेनं ऐकलं. दोन ट्रकवाल्यांनी औषधं सुचवली. (त्यातलं एक लागू पडलं, तो भाग वेगळा.) आजची गोष्ट मूळव्याधीपेक्षा नाजूक आहे. म्हणून आपल्या गावचा शिवशंकर, जो धाराशिव-उमरगा गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती हे पाकीट देतोय.

तर झालं असं. आमची सूनबाई शिवकन्या शेळ्यांचे फोटो काढते हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एकदा अक्काजवळ म्हणाला होता की माणसाच्या लेकरांचे एवढे फोटो कोणी काढत न्हाय. पण त्यात हिशेब आहे दाजी. गोठ्यात करडू जन्मलं की त्याच दिवशी ती त्याला कोठीच्या निळ्या दारापुढं उभं करते आणि फोटो घेते. मग दर महिन्याला तेच करडू, तेच दार. दाराच्या फळ्यांवरून उंची कळते, शेजारी वजन लिहिलेलं, आई कोण, बाप कोण, जुळं की एकटं. तीन वर्षं झाली. करडू एका जागी उभं राहत न्हाय म्हणून त्याला धरायला मी, त्यामुळं प्रत्येक फोटोत करडाच्या मागं माझं धोतर आहे. येत्या गुरुवारी धाराशिवला शेळीपालकांचा मेळावा आहे. मोठ्या पडद्यावर हे सगळं दाखवून आपल्या उस्मानाबादी शेळीवर शिवकन्या बोलणार आहे. आपल्या घरातलं माणूस मंचावर चढण्याची ही पहिलीच वेळ. मी एकदा चढलो होतो, पण तो मंडप सोडायला.

हे फोटो असायचे ढगात. ढग म्हणजे काय हे तुम्हाला मीच समजावलं होतं, आणि तुम्हाला समजलं होतं, तिथंच मला शंका यायला हवी होती. मी काय सांगितलं होतं? एक प्रत खाली आपल्या कॉम्प्युटरात, एक प्रत वर. बियाणं थोडं कणगीत, थोडं पेवात, तसं. शिवकन्यानं सगळ्या घराला मिळून एकच खातं काढलं. चूल एक, तसं खातं एक. तुमच्या घरचा कॉम्प्युटरही तिनं त्यालाच जोडून दिला, म्हणजे अक्काला नातवंडं बघता येतील. तुमच्या फोनातली चित्रंही त्यातच येऊन पडायची.

आता दाजी, राग मानू नका, पण दुखणं तिथूनच सुरू झालं. उन्हाळा सरला तसा आमचा कॉम्प्युटर "जागा संपत आली" म्हणून कुरकुर करायला लागला. प्रत्येक फोटोवर जी हिरवी बरोबरची खूण यायची ती जाऊन गोल फिरणारे बाण आले, आणि मग लाल फुली. नवीन करडं वर जाईनात. शिवकन्या गोठ्यात, रणधीर कारखान्यावर, म्हणून दुरुस्तीला मी बसलो. (मी मोटार दुरुस्त करतो, पंप करतो, एकदा तुमची सायकल केली होती, जिची आठवण तुम्ही अजून काढता.) आत उतरून बघतो तर करडं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं, आणि बाकी सगळा ढग तुमच्या शुभ सकाळनं भरलेला. गुलाबाची शुभ सकाळ, वाफाळत्या चहाची शुभ सकाळ, समईची, हरणाची, आणि एक तर बर्फाच्या डोंगराची, जिथं आपल्यापैकी कोणाचीच सकाळ कधी झाली न्हाय. हात लावावा तर जावयाची वस्तू. मी दार लावून घेतलं.

मग म्हटलं, खातं एकदा बंद करून परत चालू करावं. पंपाला हे लागू पडतं. कॉम्प्युटरला लागू पडलं न्हाय. त्यानं वरचं सगळं परत खाली उतरवलं आणि आधीच्याच शेजारी मांडलं. "शेळ्या" होतं, त्याच्या बाजूला "शेळ्या एक" आलं. आपल्या शेळीनं जुळं दिलं तर शिवकन्या पेढे वाटते. कॉम्प्युटरनं दिलं तेव्हा मलाही आधी बरं वाटलं. दोन दिवसांनी "शेळ्या दोन" आलं. तिळं आपल्याकडं क्वचित होतं, म्हणून मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं.

इथपर्यंत निभावलं असतं. पण बुधवारी बायकांनी दसरा काढला. तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरीही आत्ता गोधड्या वाळत असतील. घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, डबे घासायचे, भिंती सारवायच्या, कोपऱ्यात काही ठेवायचं न्हाय. शिवकन्या आणि ही, दोघी गोधड्यांचा ढीग घेऊन नदीवर निघाल्या, आणि जाताना शिवकन्या म्हणाली, मामा, तुमचा कोपरा तुम्ही आवरा. माझा कोपरा म्हणजे कॉम्प्युटरचं टेबल.

मी मनापासून आवरला. आधी ओल्या फडक्यानं पडदा पुसला. बटणांच्या फटींतून जिरं निघालं, तीळ निघाले, तुमच्या नातवाचं पेन्सिलीचं टोक निघालं. मग वाटलं, वरून धुतलं आणि आत तसंच ठेवलं तर तो दसरा कसला? आत तिळं पडलेलं, लाल फुल्या, पसारा. विचार केला, वर पेवात प्रत आहेच, तेव्हा खालची कणगी पूर्ण रिकामी करू, झाडू, आणि घट बसले की वरून ताजं उतरवून घेऊ. सगळ्यावर खूण केली आणि पुसायचं बटण दाबलं. त्यानं इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. मी इंग्रजी शिकलो खताच्या पोत्यांवरून, तिथं असा प्रश्न कधी आला न्हाय. दोन बटणं होती. जे ठळक ते दाबलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी वाचलो असतो. पण एक कचऱ्याची टोपली दिसली, काठोकाठ भरलेली. आता तुम्हीच सांगा, देवी बसायच्या घरात कचरा ठेवायचा? रिकामी केली. मग आठवलं की अशीच एक टोपली वरही असते. वर गेलो, तीही झाडली. ढगात जाऊन केर काढणारा या जिल्ह्यात मीच पहिला असेन. मग कॉम्प्युटरवर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि समाधानानं पान खाल्लं.

बायका नदीवरून आल्या. शिवकन्या ओल्या गोधड्या टाकता टाकता म्हणाली की फोटो जुळवायला बसू. मी वरून ताजं उतरवायला गेलो, तर वर लखलखीत. पेवात एक दाणा न्हाय. पान गिळलं गेलं दाजी. तेव्हापासून मी तिला टाळतोय. बुधवारी चष्मा हरवला (ज्वारीच्या कणगीत मीच लपवला). गुरुवारी म्हटलं पितृपाठात नवं काम धरू नये. काल म्हटलं डोळ्यांना झळ लागलीय. आणि ती दर वेळी म्हणते, असू द्या मामा, निवांत बसू. तिनं एकदा तरी चिडायला हवं होतं. तिच्या निवांतपणानं मला झोप लागत न्हाय. तीन वर्षांची करडं, आणि त्यातली कितीतरी आता बोकड होऊन विकलीही गेली. त्यांना परत लहान करून दारापुढं कोण उभं करणार?

काल गुपचूप धाराशिवला गेलो. तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा इंद्रजित म्हणून पोरगा आहे, समजूतदार. गाभण शेळी उशिरा आणली की डॉक्टर मालकाकडं बघतो तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"काका, पुसलेलं टोपलीत असतंय. महिनाभर राहतंय."

"टोपली झाडली."

"खालची. वरची बघू."

"वरची पण झाडली."

"वरची कशाला?"

"घट बसणार न्हाईत का?"

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्या आईला तुम्ही लई आवडाल."

मग त्यानं उलगडून सांगितलं की वर एक आणि खाली एक असं काही नसतंच. आड एकच, रहाट चार ठिकाणी. मी आपला रहाट पुसायला गेलो आणि आडच उपसून आलो. जे परदेशात बसून हे बनवतात त्यांनी महिनाभर कचरा ठेवायची सोय मुद्दाम केलीय म्हणे. मी मनात म्हटलं, महिनाभर कचरा जपणारी ही कसली माणसं. पण शहाणी आहेत. त्यांना दसरा काढायचा नसतो, एवढंच. मदतीच्या नंबरावरही त्यानं फोन लावून दिला. तिथल्या बाईनं माझं म्हणणं ऐकण्याआधीच मला महत्त्वाचा म्हटलं आणि अर्धा तास गाणं ऐकवलं. आमच्या घरात मला महत्त्वाचा कोणी म्हणत न्हाय, म्हणून मी शेवटपर्यंत धरून ठेवला. गाणं संपलं तसा फोनही संपला.

निघताना इंद्रजितनं एक उपाय मात्र सांगितला. तो तुमच्याशी संबंधित आहे. (बसलेलेच आहात ना?)

बाकी क्षेम. गुडघ्याला एरंडाचं पान शेकून बांधा. अक्काला सांगा, बरणी मी फोडली न्हाय, पण तिला बरं वाटत असेल तर मीच फोडली. मधला मजकूर तिला वाचून दाखवू नका.

तुमचा तोंड लपवून फिरणारा मेव्हणा,
महारुद्र

ता. क. आता रीत बाजूला ठेवून सांगतो. दाजी, तुमचा कॉम्प्युटर चालू करू नका. त्याच्यातला कॅमेरा जेवताना टक लावून बघतो म्हणून तुम्ही नागपंचमीला त्यावर चिकटपट्टी लावलीत, नेट काढून टाकलंत आणि अक्कानं विणलेला रुमाल त्याच्यावर टाकला. तेव्हा मी हसलो होतो. ते हसू परत घेतो. इंद्रजित म्हणतो, जो कॉम्प्युटर तेव्हापासून नेटला लागला न्हाय त्याच्या पोटात सगळं जसंच्या तसं आहे. ज्या घरी अजून निरोप पोचला न्हाय त्या घरापुरतं मेलेलं माणूस जिवंतच असतं, तसं. पण अक्का म्हणाली, तुळजापूरची आरती बघायला तुम्ही घटाच्या दिवशी नेटची नवी वायर घेताय. वायर जोडली की त्याला निरोप पोचेल आणि तोही डोकं भादरून बसेल. नेटवाला आला तर त्याला चहा द्या, पोहे द्या, झोपाळ्यावर बसवा, पण वायर जोडू देऊ नका. उद्या दुपारच्या गाडीनं इंद्रजित येईल आणि करडं काढून घेईल. तोवर रुमालसुद्धा हलवू नका. शिवकन्याला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. पाकीट चिकटवायला भाताची शितं आणायला चुलीपाशी गेलो. परत आलो तर शिवकन्या दारात उभी राहून हे पत्र वाचत होती. मूळव्याधीपाशी हसली, तिळ्यापाशी हसली, पण चष्म्याच्या जागी मात्र हसली न्हाय. पत्र संपवून नीट घडी घातली. मग आपल्या पेटीतून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढं ठेवला. बुधवारी नदीवर निघण्याआधीच तिनं सगळी करडं त्यात घेतली होती. मला कोपरा आवरायला सांगायचा, तर आधी एवढं करायलाच पाहिजे, असं तिला वाटलं.

"गोठा झाडायच्या आधी शेळ्या बाहेर बांधतात, मामा," ती म्हणाली.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का न्हाईस? तर म्हणे, तुम्ही कवा सांगताय ते बघत होते, पण तुम्ही तर उमरग्याला सांगायला निघालात. गुरुवारी मेळाव्याला ती एक जिवंत करडू नेणार आहे, आणि ते धरायला मंचावर मी पाहिजे. धोतर तेच नेसायचंय, म्हणजे लोकांना ओळख पटेल. चष्मा काढून आणतो म्हणून कणगीकडं गेलो आणि जरा वेळ तिथंच उभा राहिलो.

ता. क. तेव्हा पहिला ता. क. उलटा वाचा. कॉम्प्युटर खुशाल चालू करा. खुशाल म्हणजे जरूर. नेटवाल्याला घटाच्या दिवसापर्यंत थांबवू नका, उद्याच बोलवा, आणि त्यानं वायर जोडली की दिवसभर चालू राहू द्या. इंद्रजितला येऊ नको म्हणून कळवलंय. शिवकन्या म्हणते, ढगात आता जागाच जागा आहे, आणि तुमच्या फोनातलं तर अक्का रोज पुसतेच, तेव्हा ती हजारो शुभ सकाळ आता जगात फक्त तुमच्या त्या रुमालाखाली शिल्लक आहे. तिलाही एकदाचा निरोप पोचू द्या. नेटवाल्याला पोहे मात्र ठरल्याप्रमाणं द्या.