सुरुवातीचा श्वास

९ मार्च, रविवार, दुपार

प्रिय ठमे,

सकाळी कपडे धुतले, जिना झाडला. एक विद्यार्थिनी येणार होती, तिला सर्दी झाली म्हणून आली नाही. मग पियानो उघडला, थोडा वेळ समोर बसले आणि बंद केला. जेवले. आता तुला लिहायला बसले आहे. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मावशीने साधी पोचही दिली नाही म्हणून तू फुगून बसली असशील. पण तुझा राग फार टिकत नाही, त्या भरवशावर मी उशीर केला. तू जे विचारलंस त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे. रोज तुझं पत्र काढून वाचते आणि परत ठेवते. उद्या सकाळी सभागृहाचे व्यवस्थापक फोन करणार आहेत. मे महिन्याच्या कार्यक्रमाची जाहिरात छापायला जाते आहे आणि त्यावर माझं एकटीचं नाव घालायचं की आपल्या दोघींची, हे मला त्यांना सांगायचं आहे. म्हणून आज हे लिहून संपवायलाच हवं.

तुझ्या आईच्या स्मरणसभेबद्दल तू फार भरभरून लिहिलंस. परीक्षा असल्यामुळे तुला येता आलं नाही, पण मी तिथे काय केलं ते तू सांगितलंस तेव्हा तुझ्या मैत्रिणीही रडल्या, असं लिहिलंस. त्या दिवशी काय झालं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. तुला सांगते.

तू लहानपणापासून आम्हाला एका पियानोवर चार हातांनी वाजवताना पाहिलंस. ताई उजवीकडे, मी डावीकडे. वरची सुरावट तिची. खालचा सगळा भार आणि पायातलं पेडल माझं. एक गोष्ट मात्र बाहेरून कुणाला दिसत नाही. सुरुवात नेहमी तिची असायची. हात पट्ट्यांवर ठेवले की ती नाकाने एक छोटासा श्वास घ्यायची, तिचा डावा खांदा जरा वर यायचा, आणि तो खाली येताना आम्ही दोघी एकदम सुरू व्हायचो. बावीस वर्षं मी त्या श्वासावर वाजवलं. एवढ्या वर्षांत एकही रचना मी लोकांसमोर स्वतःहून सुरू केलेली नाही, हे मला माहीतच नव्हतं. कधी माहीत व्हायची वेळच आली नाही.

आमच्या संगीत शाळेतल्या त्या सभेसाठी मी मुलांना शिकवते त्यातलीच एक संथ रचना निवडली होती. झोपेत वाजवता येईल अशी. नाव पुकारलं, गेले, बसले. बाकाच्या डाव्या अर्ध्या भागावर बसले, हे मागाहून लक्षात आलं. हात पट्ट्यांवर ठेवले आणि थांबले. सगळं कसं शांत झालं. मी आपली वाट बघते आहे. कशाची, ते मला आधी कळेना. मग कळलं, ताईच्या श्वासाची. बोटं हलवायचा प्रयत्न केला ग, पण ती माझी नसल्यासारखी होती. मानेवरून घाम उतरत होता. मनात म्हटलं, आता लोक कुजबुजतील, कुणीतरी खोकेल, मुख्याध्यापिका येऊन खांद्यावर हात ठेवतील. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एक गृहस्थ उभे राहिले. मग त्यांच्या शेजारच्या बाई, मग मागची रांग, मग सगळेच. माना खाली, हात जोडलेले. त्यांना वाटलं, मी त्यांना मौन पाळायला लावते आहे.

ते सगळे खाली बसल्यावर मी झाकण लावलं, उठले, वाकून नमस्कार केला आणि पडद्यामागे जाऊन एका खोक्यावर बसले. आमच्या मुख्याध्यापिकांनी मला मिठीच मारली. "किती नेमकं सुचलं हो तुम्हाला! न वाजवता वाजवलंत!" मी नुसतं "हं" म्हटलं. ताई असती तर तिथेच फिसकन हसली असती आणि घरी येईपर्यंत मला चिडवत राहिली असती. पुढच्याच आठवड्यात सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "आमच्याकडेही तसंच काहीतरी करा ना. फक्त पुढे थोडं वाजवाही. लोक तिकीट काढून येतात हो." मी विचार करते म्हटलं, त्यांनी तेच हो धरून मे महिना ठरवला. आणि मग विचार करायचं तेवढं टाळत राहिले.

त्यानंतर शाळेत सगळ्या शिक्षकांची बैठक झाली. मुख्याध्यापिका नुकतंच कुठलंतरी प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. प्रत्येकाने पुढच्या पाच वर्षांत स्वतःसाठी काय करायचं ते सांगायचं, असं ठरलं. बासरीचे सर म्हणाले, मुलं कमी करीन आणि स्वतः रोज वाजवीन. गाण्याच्या बाई म्हणाल्या, रविवारी कुणी मेलं तरी शिकवणी घेणार नाही, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. मला वाईट वाटलं नाही, उलट हसू आलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आहे तसंच." सगळे हसले. विनोद केला असं वाटलं त्यांना. मी घरी येताना विचार करत होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, अर्धं आयुष्य या कामात गेलं, आणि मला काय हवं हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचारू दिलं नव्हतं. ताई वर्षाच्या सुरुवातीला भाजी चिरता चिरता सगळं ठरवून टाकायची. यंदा या दोन नव्या रचना, बाहेरगावी इतकेच कार्यक्रम, संध्याकाळी सातनंतर शिकवणी बंद, आणि तू तुझी पाठ दाखवून घ्यायची, ऐकतेस ना? मी म्हणायचे, बरं. ते ओझं वाटायचं नाही. तिच्या सावलीत बसल्यासारखं निवांत वाटायचं.

आता सातनंतर शिकवणी बंद करायला सांगणारं कुणी नाही. मी नऊपर्यंत मुलं घेते. घरात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असला की बरं असतं. उभ्या उभ्या काहीतरी खाते. बुधवारी तुझे बाबा येतात तेवढं एक जेवण बसून होतं. आम्ही फारसं बोलत नाही. त्यांना मीठ लागलं तर ते मागतात आणि मी देते. ते बरे आहेत, काळजी करू नकोस. पियानो मात्र त्यांच्यासमोर उघडू नये, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं आहे.

मधे छातीत धडधड व्हायला लागली म्हणून डॉक्टरांकडे गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. "तुमचं हृदय घोड्यासारखं आहे," ते म्हणाले, "हे घाबरण्याचं आहे. कशाला घाबरता?" मी म्हटलं, बसून हात ठेवण्याला. ते चष्म्यावरून बघतच राहिले. पण तेच खरं आहे, ठमे. अंधाराला, एकटेपणाला, चुका होण्याला मी घाबरत नाही. चुका मी खूप केल्या आहेत. हात ठेवणं आणि पहिला सूर यांच्या मधली ती जागा आहे ना, तिथे मी रोज अडकते. पोहता न येणाऱ्याला पाण्याच्या काठावर वाटत असेल तसं वाटतं. मुलांसमोर मी मोठ्याने एक-दोन-तीन मोजते, तेव्हा वाजतं. एकटी असले की मोजायला तोंड उघडत नाही. या आठवड्यात एक युक्ती करून पाहिली. रचना मधूनच धरायची, जिथे हात आपोआप धावतात तिथून, आणि मग एकेक ओळ मागे मागे येत पहिल्या ओळीपर्यंत पोचायचं. दुसऱ्या ओळीपर्यंत आले आहे. तिथे घोडं अडलं आहे.

अशात तुझं पत्र आलं. पशुवैद्यकीचं शेवटचं वर्ष थांबवते, सुट्टी घेते, गुरं आणि कुत्री काही पळून जात नाहीत, परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. आईची बाजू मी वाजवते, मला तिच्या सगळ्या खुणा माहीत आहेत, तू नुसतं हो म्हण. ते वाचून मला काय वाटलं सांगू? इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी दुपारी चक्क झोपले. ताईच्या स्वरलिपीच्या सगळ्या प्रती कपाटातून काढल्या, धूळ पुसली. मागच्या खोलीत तुझा पलंग कुठे बसेल ते मोजलं. व्यवस्थापकांना फोन करून सांगायचं वाक्यसुद्धा तोंडपाठ केलं. तू पोरगी हुशार आहेस, सोळाव्या वर्षी आईशी भांडून पियानो सोडलास तरी हात विसरले नाहीत. मेपर्यंत आपण उभ्या राहिलो असतो. लोकांनाही आवडलं असतं, आईच्या जागी लेक. मला कशाचीच सुरुवात करावी लागली नसती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते लिहिते. आई गेल्यानंतर तू घरी होतीस, परत जायच्या आदल्या दिवशी आपण दोघींनी ती छोटी रचना वाजवली, आठवतं? तू म्हणालीस, एकदाच वाजवू या. तू तिच्या जागी बसलीस. तू श्वास घेतलास. अगदी तसाच, नाकाने, खांदा जरासा वर. तुझं तुला माहीतही नसेल. आणि माझे हात पडले, काही विचार न करता. मी खूप सुखात होते. मधेच तू जरा घाई केलीस आणि मी म्हटलं, ताई, सावकाश. मान हलवलीस आणि सावकाश वाजवू लागलीस. मी तुला ताई म्हटलं, ठमे, आणि तू ओ दिलीस. तेव्हापासून आपण दोघींनी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. तुझं पत्र त्यातूनच आलं आहे, हे मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. तू आलीस तर मी तुला रोज ताई म्हणेन. मोठ्याने नाही, पण म्हणेन. आणि तू मायेपोटी रोज ओ देत राहशील, तुझी गुरं-कुत्री आणि तुझं सगळं आयुष्य बाजूला ठेवून. मला मंचाची भीती वाटते, पण याची त्याहून जास्त वाटते. म्हणून तू येऊ नकोस. परीक्षा दे. मे महिन्यात सुट्टी मिळाली तर ऐकायला ये आणि मागे कुठेतरी बस, मला दिसणार नाहीस अशी. उद्या मी त्यांना एकच नाव सांगणार आहे. वाजेल की नाही मला माहीत नाही. लोक पुन्हा उभे राहिले तर त्यांना खाली बसायला सांगेन, एवढं ठरवलं आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी फोन कर. नखं फार वाढली आहेत, पट्ट्यांवर खटखट वाजतात. खिडकीशी उजेड आहे तोवर ती कापून घेते.

तुझीच,
मावशी