घरमालकिणीबद्दल माझं मत

१९ जाने., रवि.
सिनेमा मंडळाची सभा. पुढचा सिनेमा ठरला. जुना अमेरिकन, काळा-पांढरा, खुनाचा. वानखेडे सर म्हणाले, खून नावापुरता आहे, खरी गोष्ट माणूस माणसाला काय लेखतो त्याची. चर्चेची सुरुवात मी करायची. "दातांच्या डॉक्टरांना दुसऱ्याचं तोंड बंद ठेवायची सवय असते," सर म्हणाले. सगळे हसले, मीही.

निघताना मंडळातलीच, कॉलेजात शिकवणारी प्रज्ञा गाडीपाशी आली. "सुनंदाताई, तुमचा मागचा ब्लॉक रिकामा झाला म्हणे?" त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. वडिलांचे गुडघे गेलेले, तळमजलाच हवा, आणि दवाखाना जवळ हवा. रामदासपेठेत तळमजला मिळतो कुठे! माझ्या तोंडून आधी "अगं वा!" निघालं. मग म्हटलं, "घरी बोलून सांगते."

या दोन वाक्यांच्या मधे काहीतरी झालं. आता तेच चाचपून बघतेय.

२० जाने.
विनयला सांगितलं. नवरा म्हणाला, मला काही प्रॉब्लेम नाही. मग जरा थांबून म्हणाला, "पण आई..." की आईंचं नाव मीच आधी घेतलं? बहुतेक मीच. मग आम्ही दोघं आईंबद्दलच बोलत बसलो. त्यांचं वय, त्यांची पूजा, मागचं अंगण एकच, नळ एकच. आई शेजारच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना विचारायला कोणी उठलं नाही.

कारण काय ते आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही. इथेही लिहायला गेले तर हात अडखळतो. ते बौद्ध आहेत. लिहिलं एकदाचं.

प्रज्ञाकडे मी किती वेळा जेवलेय. तिच्या हातची वांग्याची भाजी मागून घेतलीये. मग?

२२ जाने.
दुपारी क्लिनिकमधून फोन केला. "अगं, दिराचा मुलगा येतोय गं शिकायला. त्यालाच द्यावा लागेल ब्लॉक." ती म्हणाली, "अरे वा, चांगलं झालं. घरात रौनक राहील." नंतर पाच मिनिटं सिनेमाबद्दलच बोलली. तिने आधी पाहिलाय तो. शेवटाकडे नीट लक्ष द्या म्हणाली.

दिराचा मुलगा बंगलोरला नोकरी करतो. यायचा काही प्रश्नच नाही.

फोन ठेवल्यावर एका पेशंटला भूल दिली आणि कोणत्या बाजूला दिली ते क्षणभर आठवेना. आधी असं कधी झालं नव्हतं.

२ फेब्रु., रवि.
आज सिनेमा दाखवला. बंदरावरचं गाव, एक खानावळवजा लॉज, वरच्या खोलीत एका भाडेकरूचा खून. संशय पियानो दुरुस्त करायला आलेल्या काळ्या माणसावर. खून झाला तेव्हा तो लॉजच्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलेला. तिनेच दिलेली. बाई चांगली आहे, प्रेमळ आहे. पण पोलिसांनी विचारल्यावर ती गप्प बसते. तो आपल्या स्वयंपाकघरात बसला होता हे शेजाऱ्यांना कळेल, एवढ्याच भीतीने. सगळा अंधार, जिन्यावरच्या सावल्या. शेवटी तो सुटतो. मालकीण दार उघडून उभी राहते, तो आत न येता पुढे निघून जातो.

लोकांची मतं: सावल्या फार सुंदर. मधला भाग रेंगाळतो. इन्स्पेक्टर छान. एकजण: "तिकडचे प्रश्न आहेत हे, आपल्याकडे आता कुठे राहिलं असं?" त्यावर कोणीतरी कोर्टकचेरीतली, गावाकडची उदाहरणं दिली. सगळी दूरची.

मग मी. मला बोलता येतं, हाच घोटाळा आहे. म्हटलं, खुनी माणूस परवडला, तो निदान उघड आहे. मला भीती वाटते ती या चांगल्या बाईची. तिच्या मनात द्वेष नाही, तिला फक्त गैरसोय नकोय. कोणाचा गळा दाबायला हात लागत नाहीत, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. टाळ्या पडल्या. बोलता बोलता मी खरोखर हलले होते. तेव्हा मला आमचा ब्लॉक आठवला नव्हता. शपथेवर सांगते, नव्हता आठवला. याचीच जास्त लाज वाटतेय.

प्रज्ञानं तिसऱ्या रांगेतून विचारलं, "मग ताई, तिनं काय करायला हवं होतं?"
"काही नाही. फक्त खरं सांगायचं होतं."
ती म्हणाली, "हं." आणि लिहून घेतलं. तेव्हा आठवला.

९ फेब्रु.
ब्लॉक दिला. सौरभ आणि त्याची बायको, पुण्याकडचे. ब्रोकरनं आणले. तो इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. कोणत्या, ते मी विचारलं नाही. त्यांना आणखी बरंच काही विचारलं नाही. आडनाव ऐकलं आणि पुढचे प्रश्न पडलेच नाहीत.

१८ फेब्रु.
सौरभ सकाळी जादा किल्ली मागायला आला. सहज म्हणाला, "मॅडम, आमच्या डिपार्टमेंटच्या रामटेके मॅडम तुम्हाला ओळखतात. कुठे घर मिळालं विचारत होत्या, तुमचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, हो, चांगली माणसं आहेत."

रामटेके मॅडम म्हणजे प्रज्ञा.

किल्ली दिली. चहा घेता का विचारलं. दार लावलं. पायऱ्यांवर बसून राहिले. आई म्हणाल्या, "चक्कर आली का वं?" हो म्हटलं.

चांगली माणसं आहेत.

२० फेब्रु.
प्र.नं आजची अपॉइंटमेंट रद्द केली. रिसेप्शनिस्टला सांगितलं, दुखणं थांबलंय. तिची अक्कलदाढ मी पाहिलीये. ती अशी थांबणारी नाही.

विनयला सांगितलं. म्हणाला, "तिला सांग ना, पुतण्याचं ऐनवेळी रद्द झालं." म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं. आणि खरं म्हणजे गाडीत बसून मी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. नीट बसत होतं.

२३ फेब्रु., रवि.
गेले. फोन न करता. आईंनी भिवापूरचं तिखट बांधून दिलं होतं, प्रज्ञाच्या वडिलांना आवडतं म्हणून. आईंना काहीच माहीत नाही.

दार काकांनीच उघडलं, काठी टेकत. पोस्टातून रिटायर झालेले, अजून रोज दाढी, इस्त्रीचा शर्ट. "या या डॉक्टरीणबाई! प्रज्ञा, पानी आन वं." अर्धं घर खोक्यांत भरलेलं. प्र. पाणी घेऊन आली, माझ्याकडे न बघता ग्लास ठेवला.

काका म्हणाले, "आला का तुमचा पुतन्या?"

प्रज्ञा दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे तिनं यांना खरं सांगितलंच नव्हतं.

"प्रज्ञाले थोडं वाईट वाटलं होतं," काका सांगत होते, "मी म्हटलं, पोरी, त्यायच्या घरचं लेकरू हाय, त्याले कसे नाही म्हनतीन? आपन काहून वाईट वाटून घ्याचं? तुमचं मन मोठं हाय बाई, नाही तं आमाले घर देतो म्हननारे किती जन असतेत. नाव इचारतेत अन् मंग म्हनतेत, कालच गेलं."

मी माफी मागायला गेले होते. सगळं पाठ करून गेले होते.

मी म्हटलं, "हो काका. आला. अभ्यासाला लागलाय."

प्रज्ञा आत निघून गेली. चहा काकांनीच ओतला. बशीत सांडला थोडा, तर तेच मला सॉरी म्हणाले. मी तो चहा पूर्ण प्यायले. त्यांनी तिखटाचा वास घेतला आणि आईंना नमस्कार सांगितला.

दुसऱ्यांदा. आणि या वेळी तिच्यासमोर.

२४ फेब्रु.
आईंना सांगितलं. सगळं, त्यांचं नाव पुढे केलं तेसुद्धा. आधी त्यांना कळेचना. मग म्हणाल्या, "माह्या नावानं नाही म्हटलं? मले कोनी विचारलं? मी का मेली होती त्या खोलीत?"
म्हटलं, विचारलं असतं तर?
त्या म्हणाल्या, "हो म्हटलं असतं का नाही, ते मले आता सांगता येत नाही. खोटं काहून बोलू? पन विचाराचं तं होतं. मले भी समजलं असतं मी कशी हाओ ते."
विनय पेपर वाचत होता. पान उलटलं नाही.

२७ फेब्रु.
प्रज्ञाचा फोन. मी तीन केले होते, हा तिचा. आवाज नेहमीसारखा, त्यानेच घाबरले. मी एका दमात सगळं बोलले. पुतण्या नाही, आईंमुळेही नाही, कारण मीच. ती म्हणाली, "माहीत आहे."

म्हटलं, काकांनाही येऊन खरं सांगते.

"नको. तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल, ताई. ते होणार नाहीत. आजवर इतक्या लोकांनी नाही म्हटलं, त्यात एक घर त्यांच्या हिशेबी चांगलं आहे. ते राहू द्या त्यांच्यापाशी. तुमच्यासाठी नाही म्हणत, त्यांच्यासाठी म्हणतेय."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता?" पहिल्यांदा आवाज चढला तिचा. "हेपण मीच सांगू का?"

फोन तिनेच ठेवला.

२८ फेब्रु.
वानखेडे सरांनी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी माझं त्या दिवशीचं बोलणं टाइप करून पाठवलंय. मथळा त्यांचाच: 'चांगल्या बाईची भीती'. एकदा नजर घालून होकार द्या म्हणतात. वाचलं. चांगलं लिहिलंय. कोणी दुसरी असावी असं.

२ मार्च, रवि.
सभेत उभी राहिले. म्हटलं, सर, ते माझं मत छापू नका. सर म्हणाले, "का बुवा? सगळ्यात चांगलं तेच आहे." मग सांगितलं. नाव घेतलं नाही कोणाचं. एका ओळखीच्या कुटुंबाला आम्ही जातीमुळे घर नाकारलं, खोटं कारण दिलं, आणि दोनच आठवड्यांत इथे येऊन मी त्या मालकिणीवर बोलले.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "केवढं धैर्य लागतं याला! हेसुद्धा छापू. दोन्ही शेजारी शेजारी." एक बाई येऊन मला मिठी मारून गेल्या.

प्रज्ञा टाळ्या वाजवत नव्हती. पर्स उचलून बाहेर गेली.

पार्किंगमध्ये गाठलं तिला. हेल्मेट घालत होती. म्हणाली, "टाळ्या पुन्हा तुम्हालाच मिळाल्या, ताई."

मग म्हणाली, घर मिळालंय. लांब मानेवाड्याकडे, तिसरा मजला. लिफ्ट आहे म्हणतात, अजून सुरू नाही झाली. शनिवारी सामान जाणार.

"येऊ मी? काकांना वर न्यायला, सामान लावायला..."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. चिडून नाही. पेशंट एक्स-रेकडे पाहतात तसं, यात आपलं काही दिसतंय का असं.

"माहीत नाही," म्हणाली. गाडी सुरू केली.

५ मार्च
सरांना कळवलं, दोन्हींतलं काहीच छापायचं नाही. ते नाराज. आपली चर्चा एवढी रंगली, पुढच्या पिढीला कळायला नको का म्हणाले. मी नाही म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

विनय सकाळी आपणहून म्हणाला, शनिवारी मी येतो, खुर्चीवर बसवून उचलू काकांना. मग म्हणाला, "पण बोलावलंय का त्यांनी?"

नाही बोलावलं. नका येऊ असंही म्हणाली नाही ती.

शनिवारच्या अपॉइंटमेंट्स रद्द केल्या आहेत.