मागे ठेवायचे पाच शब्द

हार्कस्टोन,
सोमवार, १० ऑगस्ट २०२०

प्रिय ह्यू,

लीनेटवहिनीची आणि तुझ्या मेंढ्यांची खुशाली मावशीकडून कळते. तुझी कळत नाही, कारण तू म्हणे मावशीशीही धड बोलत नाहीस. इकडे मी ठीक आहे. हे वाक्य तूर्त तसंच राहू दे, पुढे त्याचं बघू.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील. आठ वर्षांत नाताळची आठ कार्डं, त्यांवर नुसती सही, आणि तीही बहुतेक वेळा तुझ्या भावजयीने, मोइरानेच केलेली. फोनच करणार होतो. पण फोनवर मी विनोद करतो आणि तू ठेवून देतोस. कागदावरचा विनोद निदान खोडता येतो.

बातमी अशी की शनिवारी आम्ही पुन्हा सुरू होतोय. मार्चमध्ये जिथे सोडलं होतं तिथूनच, जणू मधे चहा प्यायला उठलो होतो. नऊ सामने उरलेत, ते सात आठवड्यांत उरकायचे आहेत. शनिवारचं ठणकणं थांबायच्या आत बुधवारचा सामना. हे ज्याने ठरवलं त्याला रग्बी दुरून फार आवडत असावं.

नियम ऐक. दर सोमवारी मैदानाबाहेरच्या तंबूत नाकात काडी घालतात. आपापल्या गाडीतून एकट्याने यायचं आणि कपडेही गाडीतच बदलायचे. एकशे एकोणीस किलोचा माणूस लहान गाडीत चड्डी बदलताना तू पाहिलेला नाहीस. मैदानासमोरच्या बंगलीतल्या म्हाताऱ्या बाई रोज बघतात. त्याही कोंडलेल्याच आहेत बिचाऱ्या, दुसरं काय बघणार. हात मिळवणं बंद, मिठी बंद, एका बाटलीतून पाणी पिणं बंद. आणि मग शिट्टी वाजली की सोळा जणांनी एकमेकांच्या मानांत माना अडकवून, एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत रेटारेटी करायची. त्याला परवानगी आहे. या स्क्रममध्ये तुझ्या जागी हल्ली क्लेम असतो. तो म्हणतो, विषाणूनेही नियम वाचलेत, स्क्रमच्या वेळी तो बाजूला उभा राहतो.

प्रेक्षक नाहीत. खुर्च्यांवर त्यांचे पुठ्ठ्याचे फोटो लावलेत आणि आरडाओरडा लाउडस्पीकरवरून येणार आहे. इतके सभ्य प्रेक्षक मला वीस वर्षांत मिळाले नव्हते.

बाकी घर ते मैदान, मैदान ते घर. दुकानात जायचं नाही, कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. मोइरा मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून तिच्या आईकडे गेली ती तिकडेच आहे. ती आली तर आमच्या कुंपणात आली, मग म्हातारीकडे परत जाता येणार नाही. तेव्हा घरात मी, आणि क्लबातून येणारे डबे. कोंबडी, भात, ब्रोकोली. शुक्रवारी बदल म्हणून ब्रोकोली वरच्या कप्प्यात असते. करार या मोसमापुरताच आहे. मला अडतिसावं लागलंय. पुढे काय, हे कुणी विचारत नाही, आणि मीही उत्तर तयार ठेवलेलं नाही.

इथवर लिहिलं ते मुद्द्यावर यायला नको म्हणून. तू ओळखलंच असशील.

गेल्या गुरुवारी सगळ्यांची डोक्याची चाचणी झाली. तुला आठवत असेल, मोसमाच्या आधी डॉक्टर दहा शब्द वाचून दाखवतात, आपण आठवतील तेवढे म्हणायचे. मग उलटे आकडे, उलटे महिने, एका पायावर उभं राहणं. ते लिहून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की हेच पुन्हा विचारतात, आणि उत्तरं पहिल्या कागदाइतकी आली तर गडी परत मैदानात. म्हणून पहिल्याच दिवशी मुद्दाम ढ व्हायचं. दहा आठवतात, पाच सांगायचे. पाच मागे ठेवायचे, गरजेला. एका पायावर जरा झोकांडी जायची. तू कधी केलं नाहीस, मी कधी चुकवलं नाही. आता तर मी स्क्रमच्या पहिल्या रांगेचा मास्तर आहे. यंदाही बुधवारी गाड्यांच्या तळावर दोन-दोन मीटरवर उभं करून सगळ्यांची शिकवणी घेतली. क्लेमला म्हटलं, चारच सांग, तू दिसतोसच तसा.

यंदाच्या डॉक्टर नव्या आहेत, ट्रेलोर नावाच्या. मुखपट्टीआडून सावकाश, नीट वाचतात. त्यांनी दहा शब्द वाचले. मी पाच म्हटले. मग सवयीने थांबलो, उरलेले पाच जिभेखाली धरायला गेलो, आणि तिथे काहीच नव्हतं.

मला वाटलं, येतील. खिडकीबाहेर बघत बसलो. डॉक्टर वाट बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाच. अगदी गेल्या वर्षीइतकेच, एमलिन. छान."

एका पायावर मी झोकांडी जाण्याचं सोंग करणार होतो. ते करावं लागलं नाही.

पाच महिने विश्रांती झालीय, ह्यू. पाच महिन्यांत कुणी डोक्याला हात लावलेला नाही. घरी येऊन मी स्वतःच शब्दांच्या याद्या फोनवर बोलून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी ऐकून म्हणायला लागलो. पाच. एकदा सहा. काल चार. जी मी स्वतः बोललो होतो, ती यादी. मोइराला सांगितलेलं नाही. नेहमीच्या चौकातून घरचा रस्ता गेल्या महिन्यात दोनदा चुकलो, तेही नाही सांगितलं. सरावात क्लेमला दोनदा 'ह्यू' अशी हाक मारली. सगळे हसले. मीही हसलो, मोठ्याने.

आता गंमत बघ. कागदाप्रमाणे मी ठणठणीत आहे. इतकी वर्षं खोटं इतक्या निगुतीने सांभाळलं की आता तेच खरं होऊन बसलंय, आणि मी बिघडलोय हे सिद्ध करायला माझ्याकडे एकही खरा कागद नाही. डॉक्टरांना सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की मी लबाड आहे. आणि एकटा नाही, अख्खी पहिली रांग. माझ्या शिकवणीमुळे क्लेमच्या कागदावर चार लिहिलंय. त्याला दहाच्या दहा पाठ असतात. शनिवारी त्याच्या डोक्यात गुडघा बसला आणि त्याला चारच आठवले, तर डॉक्टर कागद बघून त्याला परत आत सोडतील. तोवर मी बोललेलो असायला हवं. तीन दिवस रोज सकाळी त्यांच्या दारापर्यंत जातो. पहिल्या दिवशी त्यांच्या खुर्चीची चेष्टा केली, दुसऱ्या दिवशी हवेची. आज म्हणालो, "काही नाही, तुमचं दार बरोबर जागेवर आहे ना, ते बघायला आलो." त्या हसल्या. फार चांगल्या आहेत.

तू खेळ सोडून गेलास त्या दिवशी मी काय म्हणालो होतो ते मला शब्दन् शब्द आठवतं. हे मात्र जात नाही. तू डॉक्टरांना सांगून आलास की कानात सारखं वाजतं, उजेड सोसत नाही, बस झालं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ह्याच्या डोक्याला काय होणार, वापरलंय कुठे." सगळे हसले. तू बूट पिशवीतसुद्धा टाकले नाहीस, हातात घेऊनच गेलास. मला तेव्हाच कळलं होतं की त्या खोलीत एकच माणूस न घाबरता बोलला होता. ते कळलं म्हणूनच तसं म्हणालो. क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही. तरी मागतो.

आता काम सांगतो. शुक्रवारी दुपारी एकच्या आत मी डॉक्टर ट्रेलोरना सगळं सांगून तुला फोन करीन. फोन आला नाही तर समज, मी दारातून पुन्हा विनोद करून परतलो. मग तू त्यांना फोन कर. नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय. तीनदा ताडून पाहिलाय, बरोबर आहे. माझं सांग, शिकवणीचं सांग, क्लेमचा चार आकडा खोटा आहे हे आवर्जून सांग. त्यांनी विचारलं तुम्ही कोण, तर सांग.

मी चिडेन. तुला नाही नाही ते बोलेन, आठ वर्षांपूर्वीपेक्षा वाईट. ते सगळं ऐकून घे आणि तरीही फोन कर.

माझा स्वतःवर भरवसा उरलेला नाही, तुझ्यावर आहे,

तुझा धाकटा,
एमलिन